युवा-फुटबॉलमधील खेळाडूंची अदलाबदल आणि वेळेचा अपव्यय : पंचाच्या अधिकाराचा ऐतिहासिक विचार

१

क्रीडेचे नियम हे समाजाच्या अन्य विधिनियमांप्रमाणेच इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांच्या ध्यानात यावी तितकी आलेली नाही. नियमपुस्तिकेतील जवळजवळ प्रत्येक पोटकलम म्हणजे पूर्वी कधीतरी मैदानावर झालेल्या एखाद्या तंट्याचा अवशेष असतो. कोणी तरी पळवाट शोधून काढली, ती बुजविण्यासाठी नियम झाला, आणि त्या नियमाने पुन्हा एक नवी पळवाट निर्माण केली, अशी ही परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेतील एका लहानशा, परंतु उद्बोधक प्रकरणाचा विचार करावयाचा आहे.

प्रसंग पुढीलप्रमाणे कल्पावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना चालू आहे. एक संघ एका गोलने पुढे आहे आणि चार-पाच मिनिटे उरली आहेत. चेंडू रेषेबाहेर जाताच आघाडीवरील संघाचा प्रशिक्षक हात वर करून खेळाडू बदलण्याची परवानगी मागतो. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असलेला मुलगा सावकाश चालत निघतो, वाटेत सोबत्यांशी हस्तांदोलन करतो, बाहेर येतो. मग दुसरा मुलगा आत जातो. खेळ पुन्हा सुरू होतो. अर्ध्या मिनिटाने चेंडू पुन्हा बाहेर जातो, आणि प्रशिक्षकाचा हात पुन्हा वर होतो. नियमाचा शब्द कोठेही मोडलेला नाही. तरीसुद्धा पिछाडीवरच्या मुलांचा खेळण्याचा वेळ त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होत असतो. अशा वेळी पंचाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः नीतीच्या भाषेत दिले जाते. प्रशिक्षकाने असे वागू नये, खिलाडूपणा राखावा, वगैरे. हे खरे असले तरी अपुरे आहे. आमच्या मते हा दोष केवळ व्यक्तींच्या वर्तनातून उद्भवलेला नाही. खेळाडू-बदलाची सवलत आणि पंचाच्या घड्याळाची सत्ता या दोन संस्था निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी निर्माण झाल्या. प्रौढांच्या खेळात त्यांनी एकमेकींना तोलून धरले. मुलांच्या खेळात मात्र पहिली अत्यंत सैल करण्यात आली आणि दुसरी बहुधा काढून घेण्यात आली. त्या विसंगतीतून हा प्रश्न जन्मास आला. हे विधान पुढील विवेचनात सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आहे.

२

प्रथम घड्याळाचा विचार करू. लंडन येथे १८६३ साली फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने आपले तेरा नियम मुक्रर केले. या तेरा नियमांत सामना किती वेळ चालावा याचा उल्लेख नाही, एका बाजूस किती खेळाडू असावेत याचा नाही, आणि पंचाचाही नाही. या मौनाचा अर्थ उघड आहे. खेळणारे सभ्य गृहस्थ आहेत, ते आपसांत ठरवितील आणि तंटा झाल्यास दोन्ही कर्णधार तो मिटवितील, असे नियमकर्त्यांनी गृहीत धरले होते. जेथे वेळ हा उभयपक्षी कराराचा विषय असतो, तेथे वेळेची चोरी ही कल्पनाच संभवत नाही. ३१ मार्च १८६६ रोजी बॅटरसी पार्कवर लंडन आणि शेफील्ड यांच्यात झालेला सामना दुपारी तीन ते साडेचार असा नव्वद मिनिटांचा ठरला होता. परंतु तो त्या सामन्यापुरता ठराव होता, सार्वत्रिक दंडक नव्हे.

पुढे स्पर्धा वाढल्या, पैसा आला, प्रेक्षक आले, आणि सभ्य गृहस्थांच्या परस्पर विश्वासावर भागेना. प्रत्येक संघाचा एक अंपायर आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास निर्णय देण्यासाठी मैदानाबाहेर बसलेला एक पंच अशी व्यवस्था रूढ झाली. १८८१ च्या सुमारास नियमांत पंचाचा प्रवेश झाला. १८९१ मध्ये हा पंच मैदानात आला, अंपायर रेषेवर गेले व रेषापंच झाले, आणि निर्णयाची सत्ता एका हाती एकवटली. त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियमही अस्तित्वात आला.

या दोन घटना एकाच वर्षी घडल्या, त्यातून निष्पन्न झालेली एक कथा फुटबॉलच्या इतिहासात परंपरेने सांगितली जाते. स्टोक आणि अॅस्टन व्हिला यांच्या सामन्यात एका गोलने मागे असलेल्या स्टोकला अखेरच्या क्षणी पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलून थेट मैदानाच्या आवाराबाहेर भिरकावला. तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली आणि पंचाने सामना संपल्याची शिट्टी वाजविली. पेनल्टीसाठी वेळ वाढवून देण्याची तरतूद अशा प्रकारच्या प्रसंगातून आली असे सांगतात. कथेचे तपशील बाजूस ठेवले तरी तिच्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे. चेंडू भिरकावणे अशक्य करण्याच्या मार्गाने नियमकर्ते गेले नाहीत; भिरकावल्याने काही लाभ होऊ नये अशी तजवीज त्यांनी केली. लबाडीस प्रतिबंध करण्यापेक्षा तिचे फळ काढून घेणे, हे वेळविषयक नियमांचे मूलसूत्र येथून दिसू लागते.

१८९७ साली नव्वद मिनिटांचा कालावधी आणि अकरा खेळाडू ही संख्या नियमांत स्पष्टपणे नमूद झाली. तीही उभय पक्षांनी अन्यथा ठरविले नसल्यास, या शर्तीवर. ही शर्त दीर्घकाळ अर्थपूर्ण होती. आपल्या देशातही १९५० च्या सुमारास सत्तर मिनिटांच्या सामन्यांचा प्रघात होता, हे येथे स्मरणीय आहे. परंतु कालावधी कोणताही असो, तो मोजणारा एकच, आणि तो पंच. खेळाडू-बदल, जखमी खेळाडूची तपासणी, शिस्तभंगाची कारवाई, मुद्दाम केलेला विलंब अशा कारणांनी गेलेला वेळ त्याने आपल्या विवेकाने भरून द्यावयाचा असतो. आजच्या नियमावलीतील सातव्या नियमात ही कारणे नावानिशी दिली आहेत. अतिरिक्त वेळेची किमान मर्यादा जाहीर झाल्यावर पंच ती वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. आणि पहिल्या अर्धात झालेली कालगणनेची चूक दुसऱ्या अर्धाची लांबी बदलून त्यास सुधारता येत नाही. फुटबॉलचे घड्याळ थांबत नाही; त्याची भरपाई करावी लागते. बास्केटबॉलसारख्या खेळांशी तुलना करता हे या खेळाचे वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

३

आता दुसऱ्या संस्थेकडे, म्हणजे खेळाडू-बदलाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शाळांच्या खेळात बदली खेळाडू म्हणजे गैरहजर राहिलेल्या गड्याच्या जागी उभा केलेला गडी, एवढाच अर्थ होता. सामना सुरू झाल्यावर जो पडला तो पडला. त्याच्या संघाने उरलेल्यांनिशी खेळावे, अशीच वृत्ती होती. अधिकृत सामन्यांत ही वृत्ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली, हे आज आश्चर्याचे वाटते.

तिच्यातील क्रौर्य लोकांच्या नजरेस आणून दिले ते वेम्ब्ली येथील एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांनी. १९५२ मध्ये आर्सेनलचा वॉली बार्न्स जायबंदी होऊन बाहेर गेला आणि त्याच्या संघास दहाजणांनिशी खेळावे लागले. १९५६ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेल्या स्थितीत अखेरपर्यंत खेळला. १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रे वुडचे गालाचे हाड मोडले. त्याच्या जागी जॅकी ब्लँचफ्लॉवर हा मैदानी खेळाडू गोलात उभा राहिला, आणि युनायटेडचा पराभव झाला. १९५९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या रॉय ड्वाइटचा पाय मोडला. वर्षामागून वर्ष देशातील सर्वांत मोठा सामना असा विद्रूप होऊ लागला, तेव्हा बदली खेळाडू नाकारण्यात शौर्य आहे की केवळ हट्ट, असा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेतही ही सोय नव्हती. पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात जबर मार बसलेला पेले लंगडत मैदानावर वावरताना जगाने पाहिला.

बदल हळूहळू आला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ११ ऑक्टोबर १९५३ रोजी पश्चिम जर्मनी व सारलांड यांच्या सामन्यात हॉर्स्ट एकेलऐवजी रिचर्ड गॉटिंगर खेळावयास आला. इंग्लिश फुटबॉल लीगने १९६५-६६ च्या हंगामापासून प्रत्येक संघास एक बदली खेळाडू मान्य केला, तोही केवळ जखमी गड्याच्या ऐवजी. २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्ल्टनचा कीथ पीकॉक हा लीगमधील पहिला बदली खेळाडू ठरला. परंतु जखम खरी की खोटी हे पंचाने कसे ठरवावे? तो वैद्य नव्हे. साहजिकच ही अट फार काळ टिकली नाही. थोड्याच हंगामांत कोणत्याही कारणास्तव बदल करण्याची मुभा मिळाली. भूतदयेतून जन्मलेली सवलत डावपेचाचे साधन झाली ती याच क्षणी. मेक्सिकोतील १९७० च्या विश्वचषकात प्रत्येक संघास दोन बदल मिळाले. ३१ मे रोजी उद्घाटनाच्या सामन्यात सोव्हिएट संघाचा अनातोली पुझाच मध्यंतरानंतर उतरला, तो मुख्य स्पर्धेतील पहिला बदली खेळाडू होय. १९९५ मध्ये ही संख्या तीन झाली. २०२० च्या महामारीच्या काळात तात्पुरती म्हणून ती पाच करण्यात आली आणि २०२२ मध्ये वरिष्ठ स्पर्धांसाठी ती मुभा कायम झाली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. २०२० मध्ये पाच बदल देताना नियामक मंडळाने सोबत दुसरी अट घातली : मध्यंतर सोडून हे बदल तीनच संधींत पूर्ण केले पाहिजेत. खेळाडू पाच बदला, परंतु खेळ तीनदाच थांबवा. बदलाची संख्या आणि बदलासाठी होणारा खोळंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक नियमाने येथे स्पष्टपणे केला. मुलांच्या खेळात नेमका हाच विवेक अनेकदा आढळत नाही.

४

युवा-फुटबॉलमधील खेळाडू-बदलाचा उगम मात्र सर्वस्वी निराळा आहे. तेथे प्रश्न जखमेचा नव्हता, सहभागाचा होता. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनने प्रत्येक मूल खेळलेच पाहिजे हे आपले आद्य तत्त्व मानले. इंग्लंडमध्येही लहान मुलांच्या सामन्यांत पंचाच्या अनुमतीने, खेळ थांबलेला असताना, कितीही वेळा खेळाडू बदलण्याची आणि बाहेर गेलेल्या मुलास पुन्हा आत घेण्याची मुभा देण्यात आली. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावलीने युवा, ज्येष्ठ, अपंग आणि तळागाळाच्या फुटबॉलसाठी परतीच्या बदलांची सवलत राष्ट्रीय संघटनांच्या विवेकावर सोपविली.

या सवलतीमागील हेतू निःसंशय उदात्त आहे. दहा वर्षांच्या मुलाने तासभर बाकावर बसून राहणे हा खेळ नव्हे. ज्याला खेळता येत नाही त्यालाच खेळण्याची अधिक गरज असते, हे शिक्षणशास्त्राचे तत्त्व येथे मैदानावर उतरलेले दिसते. परंतु अमर्याद बदल म्हणजे अमर्याद खोळंबे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. प्रौढांच्या सामन्यात डावपेचाने वेळ काढणाऱ्या प्रशिक्षकाजवळ तीनच संधी असतात. मुलांच्या सामन्यात त्याचा साठा संपतच नाही.

त्याच वेळी मुलांच्या खेळातील घड्याळाचे काय झाले ते पाहावे. इंग्लिश असोसिएशनच्या २०१२ च्या पुनर्रचनेनंतर नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सात-सातजणांचा सामना व पंचवीस मिनिटांचा एकेक अर्ध, अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ-नऊजणांचा सामना व तीस मिनिटांचा अर्ध, अशी चढती श्रेणी ठरविण्यात आली. शारीरिक क्षमतेच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु अर्ध लहान झाला म्हणजे वाया जाणारे प्रत्येक मिनिट अधिक मोलाचे होते. एका संघाने प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे पाच बदल एकेक करून घेतले तर अडीच मिनिटे जातात. पंचेचाळीस मिनिटांच्या अर्धाचा तो अठरावा हिस्सा. पंचवीस मिनिटांच्या अर्धाचा मात्र दहावा.

याहून गंभीर बाब अशी की, अनेक युवा-स्पर्धांत हा गेलेला वेळ परत मिळतच नाही. सुटीच्या एका दिवशी एकाच मैदानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओळीने सामने लावलेले असतात. एक सामना पाच मिनिटे लांबला तर पुढचे सारे लांबतात. पालक ताटकळतात, प्रकाश मावळतो, मैदानाचे भाडे वाढते. यास्तव पुष्कळ आयोजक आपल्या स्थानिक नियमांत घड्याळ अखंड चालेल, भरपाईचा वेळ दिला जाणार नाही, असे कलम घालतात. कोठे असे कलम नसले तरी पुढच्या सामन्याचे संघ रेषेवर उभे राहिलेले पाहून पंच आपण होऊनच शिट्टी वाजवितो. १८९१ पासून पंचाच्या हाती आलेले घड्याळ येथे वेळापत्रकाच्या हाती गेले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

म्हणजे दोन सवलती झाल्या. एक मुलांच्या हितासाठी, दुसरी आयोजकांच्या सोयीसाठी. दोन्ही आपापल्या जागी समर्थनीय. परंतु दोन्ही एकत्र येताच आघाडीवरील संघास अमर्याद खोळंबा करण्याची सत्ता मिळते आणि त्याची भरपाई करण्याचा उपाय मात्र उरत नाही. प्रशिक्षकाचा मोह हा या रचनेचा परिणाम आहे, कारण नव्हे.

५

या रचनेत सापडलेल्या पंचास कोणते मार्ग मोकळे आहेत? अनुभवी पंचांची कार्यपद्धती आणि नियमांचा शब्द एकत्र ठेवून पाहिल्यास त्यांची एक उतरंड दिसते.

सर्वांत प्रथम मनात येणारा मार्ग म्हणजे बदलास नकार देणे. तो मोहक आहे, परंतु नियमास धरून नाही. विहित संख्येत, विहित वेळी, विहित रीतीने मागितलेला बदल पंचाने हेतूवर संशय घेऊन नाकारावा असा अधिकार तिसऱ्या नियमाने त्यास दिलेला नाही. हे योग्यच म्हटले पाहिजे. प्रशिक्षकाच्या मनातील हेतू पंच पाहू शकत नाही. आणि समजा त्याने नकार दिला, तर ज्याच्यावर अन्याय होतो तो प्रशिक्षक नसून बाकावरून उठून बूट बांधून उभा राहिलेला मुलगा असतो. जखमेच्या सत्यासत्यतेचा निर्णय पंचावर सोपविण्याचा प्रयोग १९६५ नंतर टिकला नाही, त्याच कारणास्तव हेतूच्या सत्यासत्यतेचा निर्णयही त्यावर सोपविता येत नाही.

मात्र नियमातील विधीचा काटेकोर आग्रह धरण्यास पंच मुखत्यार आहे. बदली खेळाडू मध्यरेषेपाशी तयार उभा असला पाहिजे; बाहेर जाणारा गेल्यावर आणि पंचाची खूण झाल्यावरच त्याने आत यावे; बदल खेळ थांबलेला असतानाच व्हावा. जो अद्याप अंगरखा उतरवीत आहे त्याच्यासाठी थांबण्याचे बंधन पंचावर नाही. तो खेळ सुरू करू शकतो, आणि मग तो बदल पुढच्या थांब्यापर्यंत राहतो. अनेक पंच सामन्यापूर्वीच दोन्ही प्रशिक्षकांना सांगून ठेवतात की, बदली मुले आधीच रेषेवर आणून ठेवा आणि शक्य तो एकत्र बदला. यात अधिकाराचा दर्प नाही. परंतु वेळेवर आपले लक्ष आहे, ही जाणीव ते आरंभीच करून देतात. पुष्कळ तंटे एवढ्यानेच टळतात.

तिसरा मार्ग भरपाईचा. जेथे स्थानिक नियमाने तो बंद केलेला नाही, तेथे तोच खरा उपाय होय. पंचाने घड्याळाकडे बोट दाखवून हा वेळ धरला जात आहे असे सर्वांना दिसेलसे सुचविले, की संथ चालण्यातील स्वारस्य बहुधा नाहीसे होते. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात पंचांनी गेलेला वेळ कसोशीने मोजण्याचे धोरण स्वीकारले. २१ नोव्हेंबर रोजी इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्या अर्धातच चौदा मिनिटे भरून देण्यात आली. स्टोकच्या कथेतील तत्त्वाचीच ती मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती होय.

चौथा मार्ग २०१९ च्या दुरुस्तीने दिला. बदलल्या जाणाऱ्या खेळाडूने पंचाने अन्यथा न सुचविल्यास सर्वांत जवळच्या सीमारेषेवरून बाहेर पडावे, असा दंडक त्या वर्षी झाला. त्यापूर्वी मध्यरेषेकडे संथपणे चालत येणे हीच वेळकाढूपणाची प्रतिष्ठित रीत होती. युवा-सामन्यांत या नियमाचा उपयोग पंच सर्रास करतात. मात्र अगदी लहान मुलांच्या बाबतीत, दूरच्या रेषेवर एकट्या पडलेल्या मुलाच्या सुरक्षिततेचा विचार करून अपवाद करण्याचा विवेकही त्याच नियमाने त्यांस ठेवला आहे.

शेवटचा मार्ग ताकिदीचा, म्हणजे पिवळ्या कार्डाचा. बाहेर जाण्यास मुद्दाम विलंब करणे हा बाराव्या नियमान्वये ताकिदीस पात्र अपराध आहे. परंतु येथेच या प्रकरणातील सर्वांत अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो. अकरा वर्षांच्या मुलास संथ चालण्याची खूण कोणी केली? बाजूला उभ्या असलेल्या प्रौढाने. कार्ड मात्र मुलाच्या तोंडासमोर धरले जाते. २०१९ पर्यंत नियमाची रचना अशी होती की, प्रशिक्षकास समज देता येई, हाकलता येई, परंतु त्याच्यावर कार्ड उगारता येत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने संघाच्या अधिकाऱ्यांनाही पिवळे व लाल कार्ड लागू केले. आपल्या संघाकरवी खेळ पुन्हा सुरू होण्यास विलंब करणे हे अधिकाऱ्याच्या ताकीदयोग्य अपराधांत गणले गेले. इतकेच नव्हे, तर दोषी अधिकारी ओळखता न आल्यास तेथील ज्येष्ठ प्रशिक्षकाने ती शिक्षा भोगावी असेही ठरले. जबाबदारी मुलाकडून प्रौढाकडे वळविण्याचा हा बदल आमच्या मते युवा-फुटबॉलच्या दृष्टीने संख्याविषयक साऱ्या दुरुस्त्यांहून महत्त्वाचा आहे.

तरी तो वापरणे सोपे नाही. इंग्लंडमध्ये चौदाव्या वर्षापासून पंचाचे शिक्षण घेता येते, आणि लहान मुलांचे सामने बहुधा असेच किशोरवयीन पंच चालवितात. पंधरा वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या प्रशिक्षकास, त्याच्या बाजूच्या पालकांच्या देखत, कार्ड दाखवावे ही अपेक्षा नियमाने केली असली तरी समाजाने तिला बळ दिलेले नाही. नियम अधिकार देतो, परंतु धैर्य देऊ शकत नाही, ही मर्यादा इतिहासकाराने नोंदविलीच पाहिजे.

६

पंचाच्या वैयक्तिक धैर्यावर भार न टाकता रचनेतच तोड काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत, ते तुलनेसाठी पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉल तेथील राष्ट्रीय महासंघाच्या स्वतंत्र नियमांनी खेळले जाते. तेथे घड्याळ सर्वांना दिसेल असे असते आणि ठराविक प्रसंगी ते थांबविले जाते. दुसऱ्या अर्धाच्या अखेरच्या पाच मिनिटांत आघाडीवरील संघाने खेळाडू बदलला तर घड्याळ थांबवावे, असा त्यांचा नियम आहे. यात कोणाच्या हेतूची चौकशी नाही, कोणावर ठपका नाही. ज्या संघास विलंबाचा लाभ संभवतो त्याच्या बाबतीतच घड्याळ थांबते. आंतरराष्ट्रीय परंपरेतील पंचाचे गूढ घड्याळ येथे नाही, परंतु मूलसूत्र तेच आहे.

दुसरा प्रयत्न सहभागाचे तत्त्व मानणाऱ्या पूर्वोक्त अमेरिकन संघटनेचा. तिच्या सामन्यांत प्रत्येक अर्धाच्या मध्यावर पंच स्वतःच खेळ थांबवितो आणि त्या वेळी बदल होतात. बदल करण्याचा क्षण प्रशिक्षकाच्या हातून काढून पंचाच्या हाती दिल्याने सर्व मुले खेळतात आणि खोळंबाही मोजका राहतो. तिसरा प्रयत्न व्यावसायिक पातळीवरचा. मेजर लीग सॉकरने २०२४ मध्ये बाहेर जाणाऱ्या खेळाडूस दहा सेकंदांची मुदत घातली. ती ओलांडल्यास बदली खेळाडूने साठ सेकंद थांबावे आणि तोवर संघाने एक गडी कमी घेऊन खेळावे. चौथा मार्ग फुटसालचा. माँटेव्हिडिओ येथे १९३० साली हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने आरंभिलेल्या या खेळात बदल खेळ चालू असतानाच होतात आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते. त्यामुळे बदलाच्या निमित्ताने वेळ काढणे संभवतच नाही.

आपल्या मातीतील खेळाकडे पाहिले तर हाच विचार दुसऱ्या रूपाने भेटतो. हुतुतूमध्ये चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होते. श्वास संपला की त्याची सत्ता संपे. पुढे कबड्डीने चढाईस तीस सेकंदांची मर्यादा घातली, आणि अलीकडच्या स्पर्धांत लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद, असे ठरविले. आघाडी टिकवण्यासाठी वेळ काढणाऱ्या संघाचा मोह येथेही ओळखला गेला, आणि उत्तरही तेच शोधले गेले : उपदेश नव्हे, तर रचना.

७

एकंदर विवेचनाचे तात्पर्य असे. बदली खेळाडूची सवलत वेम्ब्लीवर मोडलेल्या हाडांतून आली. मुलांच्या खेळात ती सहभागाच्या तत्त्वातून अधिक विस्तारली. वेळेची भरपाई ही पंचाची सत्ता सभ्य गृहस्थांच्या कराराचा अस्त झाल्यावर निर्माण झाली. प्रौढांच्या खेळात जेव्हा जेव्हा पहिली वाढली, तेव्हा तेव्हा दुसरी किंवा तिची एखादी पर्यायी मर्यादा तिच्यासोबत वाढविण्यात आली. मुलांच्या खेळात हा समतोल राखला गेला नाही. म्हणून युवा-सामन्यातील पंच आज जे करतो, म्हणजे आधी समज देतो, मुलांना रेषेवर आणून ठेवावयास लावतो, जवळच्या रेषेने बाहेर पाठवितो, घड्याळाकडे बोट दाखवितो, त्या साऱ्यास हरवलेला समतोल आपल्या अंगच्या चातुर्याने भरून काढण्याचा प्रयत्न म्हटले पाहिजे. तो प्रशंसनीय आहे. परंतु संस्थेचे काम व्यक्तीवर सोपविणे हे कोणत्याही विधिव्यवस्थेत फार काळ चालत नाही.

अभ्यासकांस या प्रकरणातून एक पद्धतिविषयक सूचनाही करावीशी वाटते. आंतरराष्ट्रीय नियमावली वाचून मुलांच्या फुटबॉलचा इतिहास लिहिता येणार नाही. कारण त्याचे निर्णायक कलम बहुधा स्थानिक स्पर्धेच्या एखाद्या चक्रमुद्रित पत्रकात दडलेले असते. १९६० पासून चालू असलेल्या सुब्रतो मुखर्जी चषकासारख्या आपल्या शालेय स्पर्धांची नियमपत्रके, वेळापत्रके आणि पंचांचे अहवाल जतन झाले पाहिजेत, ते याचसाठी.

आणि अखेर एक गोष्ट विसरता कामा नये. सामन्याच्या शेवटच्या मिनिटात वेळ काढण्यासाठी ज्या मुलास आत पाठविले जाते, त्यालाही त्या दिवशी खेळावयाचेच असते. त्याच्या वाट्याला आलेले अर्धे मिनिट त्याच्या संघाने प्रतिपक्षाकडून चोरलेले असते, आणि खुद्द त्याचा वेळ त्याआधीच चोरला गेलेला असतो. पंचाचे घड्याळ ही दुसरी चोरी परत देऊ शकत नाही. ती टाळणे हे प्रशिक्षकाचे आणि स्पर्धेचे नियम लिहिणाऱ्याचे काम आहे.